हेझन सरोवराचे वितळपाणी : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२५

६ जानेवारी २०२५, सोमवार

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनद्यांच्या जतनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले असून यंदापासून २१ मार्च हा जागतिक हिमनदी दिन म्हणून पाळला जाणार आहे. त्या दिवशी प्राणिशास्त्र आणि भूगोल या दोन्ही विभागांनी मिळून शाळकरी मुलांसाठी एक छोटे मराठी प्रदर्शन मांडावे, असे आजच्या बैठकीत ठरले. गोव्यातल्या मुलांना ध्रुवप्रदेश अगदीच परका नाही. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, आणि स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंड येथे २००८ पासून चालणाऱ्या ‘हिमाद्री’ या भारतीय केंद्राचे छायाचित्र पुष्कळ शाळांच्या भिंतींवर दिसते. तरीही हिमनदी वितळते म्हणजे समुद्राची पातळी वाढते, यापलीकडे मुले आणि आम्ही शिक्षकही सहसा जात नाही. मी गोड्या पाण्यातले जीवशास्त्र शिकवते, म्हणून वितळलेले पाणी समुद्रापर्यंत पोहोचण्याआधी वाटेतल्या सरोवरांचे काय करते, हा विषय मी मागून घेतला. द्वितीय वर्षाचे पाच विद्यार्थी आणि प्रयोगशाळा सहायक काका माझ्यासोबत काम करतील.

१० जानेवारी, शुक्रवार

आर्क्टिकमध्ये सरोवरे असंख्य आहेत, आणि सगळ्यांविषयी थोडे थोडे सांगितले तर कुणाविषयीच काही सांगितल्यासारखे होणार नाही. म्हणून एकच सरोवर नीट दाखवायचे ठरवले. कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला, नुनावुतमधील एल्समेअर बेटावर, ८१ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर हेझन सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५४० चौरस किलोमीटर असून सर्वांत खोल जागी त्याची खोली २६७ मीटर भरते. पाण्याच्या घनफळाने उच्च आर्क्टिकमधील हे सर्वांत मोठे सरोवर होय. ज्या भूभागाचे पाणी या सरोवरात येते तो गोव्याच्या साधारण दुप्पट आहे आणि त्याचा सुमारे दोन पंचमांश भाग हिमनद्यांनी व्यापलेला आहे. हेन्रिएटा नेस्मिथ, गिलमन अशा हिमनद्यांचे पाणी छोट्या छोट्या नद्यांतून सरोवरात उतरते आणि रगल्स नावाची एकच नदी ते बाहेर समुद्राकडे नेते. हा सारा परिसर क्वुत्तिनिर्पाक राष्ट्रीय उद्यानात येतो. इनुइट लोकांच्या भाषेतल्या या नावाचा अर्थ ‘जगाच्या माथ्यावर’ असा आहे.

हे सरोवर निवडण्याचे आणखी एक कारण असे की त्याच्याविषयीच्या नोंदी जुन्या आहेत. ॲडॉल्फस ग्रीली या अमेरिकी अधिकाऱ्याची मोहीम १८८२ मध्ये येथे पोहोचली, आणि १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावर तळ उभारून बर्फ, हवामान आणि जीवसृष्टी यांचा अभ्यास केला. आज जे बदल दिसतात ते कशाच्या तुलनेत बदल आहेत, हे सांगण्यासाठी अशा जुन्या नोंदी फार मोलाच्या ठरतात.

सायंकाळी पहिल्या फलकाचा कच्चा मजकूर लिहिला : ‘हिमनदी वितळते, सरोवरात पाणी वाढते, पाण्याबरोबर पोषक द्रव्ये येतात आणि जीवसृष्टी बहरते.’ वाचताना ओघवता वाटला. तो खरा आहे की नाही हे पुढच्या आठवड्यांत तपासायचे आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

कच्च्या मजकुरातले पहिलेच वाक्य अपुरे निघाले. २०१८ मध्ये हेझन सरोवरावर प्रसिद्ध झालेला एक मोठा शोधनिबंध आम्ही सगळ्यांनी मिळून वाचला. उन्हाळ्यातले हवेचे तापमान आधीच्या काळाच्या मानाने केवळ एक अंश सेल्सिअसच्या आसपास वाढले, पण त्याचा परिणाम म्हणून हिमनद्यांतून सरोवरात येणारे पाणी सुमारे दहा पटींनी वाढले. त्याच्याबरोबर गाळ, सेंद्रिय कार्बन आणि जुनी प्रदूषके यांचीही आवक वाढली. सरोवरात शिरलेले पाणी बाहेर पडेपर्यंत जितका काळ तेथे राहते, त्याला आम्ही ‘पाण्याचा मुक्काम’ म्हणायचे ठरवले आहे. हा मुक्काम सुमारे ७० टक्क्यांनी घटला. पूर्वी या सरोवराचा बर्फ सगळ्याच उन्हाळ्यांत पूर्ण वितळत नसे, आता तो पूर्ण वितळण्याची वर्षे वाढत चालली आहेत.

एका अंशाला दहा पट, ही गोष्ट विद्यार्थ्यांना पटेना. मी त्यांना हिमनदीच्या उताराची आकृती काढून दाखवली. बर्फ वितळण्याची सीमारेषा थोडीशी वर सरकली की तिच्या टप्प्यात येणारे क्षेत्र एकदम वाढते, कारण बर्फटोप्यांचा वरचा भाग पठारासारखा सपाट पसरलेला असतो. शिवाय पांढरा हिम वितळून खालचा करडा बर्फ उघडा पडला की तो अधिक ऊन शोषून घेतो आणि वितळणे आणखी वेग घेते.

२२ जानेवारी, बुधवार

आज शब्दांचे काम केले. हिमनदीच्या तळाशी रुतलेले दगड खालच्या खडकावर घासले जातात आणि खडकाची अतिशय बारीक पूड तयार होते. या पुडीला मराठीत काय म्हणावे यावर बराच वेळ गेला. एका विद्यार्थिनीने जात्याची उपमा सुचवली : दगड रुतलेला बर्फ ही वरची तळी, जमिनीचा खडक ही खालची तळी, आणि दोहोंमधून जे बाहेर पडते ते पीठ. ‘खडकाचे पीठ’ हा शब्द तिथेच पक्का झाला. मला तो फार आवडला, कारण त्यात ही पूड कशी तयार होते तेही आपोआप सांगितले जाते. चिखल आणि खडकाचे पीठ यांतला फरकही त्यामुळे स्पष्ट होतो. आपल्याकडे पावसाळ्यात नद्यांना येते ते तांबडे पाणी मातीचे असते, म्हणजे हवापाण्याने कुजलेल्या, झिजलेल्या खडकाचे आणि सेंद्रिय अंशांचे मिश्रण. हिमनदीचे पीठ हा ताजा दळलेला खडक असतो. त्याचा रंग करडा किंवा दुधाळ असतो आणि त्यात सेंद्रिय अंश फार थोडा असतो. या ताजेपणाचा रासायनिक परिणाम मोठा आहे, त्यासाठी वेगळा प्रयोग करावा लागेल.

३१ जानेवारी, शुक्रवार

हेझनच्या जोडीला तुलनेसाठी पश्चिम ग्रीनलंडमधल्या कांगरलुसुआक परिसराची माहिती घेतली. तेथे शेजारी शेजारी दोन प्रकारची सरोवरे सापडतात. काहींना थेट हिमस्तराचे वितळपाणी मिळते, तर काही केवळ हिवाळ्यातला हिम आणि भूजल यांवर भरतात. हवामान एकच आणि पाण्याचा उगम वेगळा, त्यामुळे वितळपाण्याचा स्वतंत्र परिणाम पाहायला ही जागा उत्तम आहे. वितळपाण्याच्या सरोवरांत खडकाच्या पिठाबरोबर फॉस्फरस येतो, आणि आर्क्टिकच्या उपाशी पाण्यात फॉस्फरस म्हणजे शैवालांसाठी खरोखरीचे अन्न. त्याच वेळी तेच पीठ पाण्यात तरंगत राहून उजेड अडवते. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, अशी ही स्थिती आहे. डॅफ्निया हा पाण्यातला पिसवासारखा दिसणारा जीव पाणी गाळून शैवाल खातो. त्याला अन्नाचा कण आणि दगडाचा कण यांत फारशी निवड करता येत नाही, त्यामुळे पोट खनिजाने भरते आणि पोषण मिळत नाही. म्हणून पीठ जास्त असलेल्या सरोवरांत त्याचा निभाव लागणे कठीण जाते.

याच महिन्यात त्याच भागातल्या सरोवरांविषयी आणखी एक शोधनिबंध आला आहे. २०२२ च्या शरद ऋतूत तेथे विक्रमी उष्णता आणि पाऊस एकत्र आले, गोठलेल्या जमिनीतला कार्बन आणि लोह पाण्यात उतरले, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हजारो निळी सरोवरे तपकिरी झाली. हा परिणाम हिमनदीच्या पाण्याचा नाही, जमिनीतून झिरपून आलेल्या पाण्याचा आहे. तरीही तो फलकावर घ्यावा असे मला वाटते. उजेड दोन्हीकडे कमी होतो, पण दुधाळ पाणी प्रकाश विखुरते आणि तपकिरी पाणी तो शोषून घेते. दोन्हींतून उभी राहणारी जीवसृष्टी वेगळी असते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काचेच्या मोठ्या टाकीत पहिला प्रयोग केला. खडकाच्या पिठासाठी काकांनी संगमरवर कापणाऱ्या एका कारखान्यातून करवतीखाली साचणारा पांढरा गाळ आणला. तो वाळवून, कापडातून चाळून घेतला. टाकीच्या एका बाजूला उताराची फळी लावली, मागे काळा कागद डकवला, बाजूने विजेरीचा प्रकाश सोडला आणि बर्फाच्या पाण्यात कालवलेला गाळ फळीवरून हळूहळू ओतला. पांढरा लोट फळीला बिलगून खाली गेला, तळाशी पोहोचला आणि टाकीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जमिनीवरून सरपटत गेला. वरचे पाणी स्वच्छच राहिले. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि खरे सांगायचे तर मलाही फार आनंद झाला. हेझन सरोवरात नेमके हेच घडते : गाळाने जड झालेले नदीचे पाणी मुखापाशी बुडी मारते आणि तळालगतच्या प्रवाहाच्या रूपाने खोल भागाकडे जाते.

जिनिव्हा सरोवरात शिरणाऱ्या ऱ्होन नदीचे असेच बुडी मारणारे पाणी स्विस शास्त्रज्ञ फ्रान्स्वा-आल्फोन्स फोरेल यांनी एकोणिसाव्या शतकात ओळखले होते. सरोवरशास्त्र ही ज्ञानशाखा त्यांच्यापासूनच सुरू झाली असे मानतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

परवाचा प्रयोग दिशाभूल करणारा होता, हे आज लक्षात आले. टाकीतले पाणी वास्कोच्या हवेचे, म्हणजे २८ अंशांचे होते आणि आम्ही ओतलेले पाणी शून्याच्या जवळचे होते. थंड पाणी गरम पाण्यापेक्षा जड असतेच. गाळ नसता तरी ते तळाशी गेले असते. काकांनी नुसते रंगवलेले बर्फाचे पाणी ओतून दाखवले, आणि तेही तसेच खाली गेले.

हेझनमध्ये मात्र सरोवराचे पाणी उन्हाळ्यातही बर्फगार असते. गोडे पाणी सर्वांत जड असते ते ४ अंशांना. त्याहून थंड झाले की ते पुन्हा हलके होऊ लागते, आणि म्हणूनच बर्फ वर धरतो आणि खाली मासे जगतात. म्हणजे शून्य अंशाचे स्वच्छ वितळपाणी ४ अंशांच्या सरोवरात बुडणारच नाही, वरच पसरेल. त्याला खाली नेते ते पीठ. मग किती पीठ लागेल, याचा हिशोब फळ्यावर मांडला. शून्य अंशाचे पाणी ४ अंशांच्या पाण्यापेक्षा घनमीटरमागे केवळ ०.१३ किलोग्रॅमने हलके असते. लिटरमागे एक ग्रॅम खडकाचे पीठ मिसळले तर घनमीटरमागे सुमारे ०.६ किलोग्रॅमची भर पडते. म्हणजे लिटरमागे चमच्याच्या टोकावर मावेल इतके, सुमारे ०.२ ग्रॅम पीठ तापमानाचा हा फरक पुसून टाकायला पुरेसे आहे. आमच्या टाकीत तापमानामुळे पडलेला फरक मात्र लिटरमागे सुमारे ६ ग्रॅम पिठाइतका होता. आपण जे सिद्ध करू पाहत होतो त्याच्यावर गोव्याच्या उकाड्याने मात केली होती.

ही चूक प्रदर्शनाच्या दिवशी एखाद्या चौकस मुलाने दाखवण्याआधी सापडली, याचे समाधान आहे. प्रयोग बदलायचा : दोन्ही पाणी एकाच तापमानाचे घ्यायचे आणि फरक फक्त पिठाचा ठेवायचा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन्ही पाणी खोलीच्याच तापमानाला आणून पुन्हा ओतून पाहिले. स्वच्छ रंगीत पाणी फळीवरून उतरताना टाकीभर मिसळून गेले. लिटरमागे ५ ग्रॅम पीठ घातलेले पाणी परवाइतक्या डौलाने नाही, पण निःसंशय तळालगत गेले. ३ ग्रॅमलाही प्रवाह दिसला, फक्त तो संथ होता. प्रदर्शनात हेच दाखवायचे, कारण त्यात जे दिसते त्याचे कारण एकच आहे.

एका विद्यार्थ्याने विचारले की पीठ शेवटी तळाशीच बसणार असेल तर ते प्रवाहाने गेले काय आणि कणाकणाने गेले काय, काय फरक पडतो? प्रश्न इतका चांगला होता की तास संपल्यानंतरही आम्ही त्यावर थांबलो. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, जाडीचा कण बर्फगार, स्थिर पाण्यात दिवसाला पाचेक सेंटिमीटरच खाली उतरतो. २६७ मीटर खाली जायला त्याला सुमारे पंधरा वर्षे लागतील, आणि तोवर तो वरच्या पाण्यात उजेड अडवत राहील. तळालगतच्या प्रवाहात सामील झालेला कण मात्र वरच्या थरात रेंगाळतच नाही. तो पाण्याच्या भाराबरोबर थेट खोल भागात जातो. इतकेच नव्हे, तर खळखळत आलेल्या नदीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायूही त्याच्यासोबत तळाशी पोहोचतो, जिथे एरवी वरून ताजी हवा मिळण्याची संधी फार कमी असते.

मला या प्रकल्पात सांगावेसे वाटते ते येथे सापडले. वितळपाणी सरोवराला काय करते हे त्याच्या प्रमाणावर जितके अवलंबून आहे, तितकेच ते सरोवरात कोणत्या खोलीवरून वाट काढते यावर अवलंबून आहे. उथळ सरोवरात पीठ वरच्या उजेडाच्या थरात तरंगत राहते आणि शैवालांवर सावली धरते. हेझनसारख्या खोल सरोवरात ते तळाशी निसटते आणि नदीमुखांपासून दूरचे पृष्ठभागाचे पाणी बऱ्याच अंशी स्वच्छ राहते. मग बदल मुख्यतः खाली, अंधारात घडतात, आणि काठावर उभ्या राहिलेल्या माणसाला ते दिसत नाहीत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज जीवसृष्टीच्या फलकाचे काम केले. हेझनमध्ये माशाची एकच जात आहे, ती म्हणजे आर्क्टिक ‘चार’. इनुइट लोक त्याला इकालुक्पिक म्हणतात आणि आर्क्टिकभर तो त्यांच्या रोजच्या आहारातला मासा आहे. सरोवरातली अन्नसाखळी आपल्या खाडीच्या मानाने कमालीची आखूड आहे : शैवाले, त्यांवर जगणाऱ्या कायरोनोमिड या डासासारख्या कीटकांच्या अळ्या आणि काही प्लवक, आणि त्यांवर ‘चार’ मासा. मोठे ‘चार’ मासे लहान ‘चार’ माशांनाही खातात. साखळी आखूड असली की कोणतीही एक कडी सैल झाल्याचे लगेच जाणवते, कारण तिची जागा घेणारी दुसरी जात नसते.

शैवालांतला बदल तळाच्या गाळात लिहिलेला सापडतो. डायटम या शैवालांची कवचे सिलिकाची असतात, ती गाळात शेकडो वर्षे टिकतात आणि गाळाचा उभा नमुना काढला की वर्षांचा क्रम उलगडता येतो. हेझनच्या गाळात असे दिसते की बर्फाने झाकलेल्या सरोवरात फक्त किनाऱ्यालगतच्या वितळलेल्या पट्ट्यात तळाला धरून राहणाऱ्या जातींचे प्राबल्य होते. बर्फ लवकर हटू लागल्यावर मोकळ्या पाण्यात तरंगणाऱ्या जाती पुढे आल्या. उजेड वाढला, म्हणून अन्न वाढले, म्हणून मासे सुधारले असतील, असा विद्यार्थ्यांचा तर्क होता. प्रत्यक्षात ‘चार’ जातीच्या माशांची प्रकृती, म्हणजे लांबीच्या मानाने असलेले त्यांचे वजन, खालावल्याचे आढळले आहे. ६ जानेवारीच्या बैठकीत कुणी मला विचारले असते तर मीही विद्यार्थ्यांसारखेच उत्तर दिले असते.

पहिल्या फलकावरचे ‘जीवसृष्टी बहरते’ हे शब्द आज खोडले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज रासायनिक प्रयोग केला. ब्रोमोथायमॉल ब्लू घातलेल्या निळ्या पाण्यात नळीने श्वास फुंकला, की कार्बन डायऑक्साइड विरघळून पाणी आम्लधर्मी होते आणि पिवळे पडते. असे पिवळे पाणी तीन बाटल्यांत काठोकाठ भरून बुचे लावली. एकीत काही घातले नाही, दुसरीत २ ग्रॅम संगमरवराचे खडे घातले आणि तिसरीत २ ग्रॅम संगमरवराचे पीठ घातले. पिठाची बाटली हलवत राहिल्यावर थोड्याच वेळात हिरवट झाली. खड्यांची बाटली तासाभरानेही पिवळीच होती. दगड तोच आणि वजन तेवढेच असले, तरी दळल्यामुळे पाण्याशी भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढला, आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खनिजाशी झपाट्याने संयोग पावून बायकार्बोनेटमध्ये बदलला. बाटल्या बुचबंद ठेवण्याचे कारण हे की उघड्या पाण्यातून वायू आपोआप हवेत निघून जातो आणि रंग त्यामुळेही बदलतो. आधीची चूक ताजी असल्यामुळे ही खबरदारी विद्यार्थ्यांनी स्वतःहून सुचवली.

हेझनच्या पाणलोटातल्या हिमनदीच्या नद्या याच कारणाने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात. २०१५ च्या उन्हाळ्यात केलेल्या मोजमापांवरून २०१९ मध्ये असे प्रसिद्ध झाले की या नद्या दर चौरस मीटरमागे सरासरीने ॲमेझॉनच्या जंगलापेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड दर दिवशी घेत होत्या. ज्या प्रदेशात झाड नाही आणि जीवांची संख्या अत्यल्प आहे, तेथे हे काम नुसता खडक आणि पाणी करतात, हे मला विलक्षण वाटते.

या फलकासाठी एका विद्यार्थिनीने ‘वितळणाऱ्या हिमनद्या हवा शुद्ध करतात’ असे शीर्षक लिहिले होते. ते मी राहू दिले नाही, आणि त्याची कारणे तिच्यासोबत बसून लिहून काढली. तुलना चौरस मीटरची आहे, आणि या नद्यांचे एकूण क्षेत्र ॲमेझॉनसमोर नगण्य आहे. हे शोषण वितळण्याच्या मोजक्या आठवड्यांपुरते असते. शिवाय चुनखडीसारख्या खनिजाशी संयोग पावून बांधला गेलेला कार्बन पुढे समुद्रात कवचे घडताना काही अंशी परत सुटतो. हे सगळे माहीत असूनही असे शीर्षक लावले असते, तर मुलांनी घरी जाऊन नेमके चुकीचे तेवढेच सांगितले असते. नवे शीर्षक ‘दळलेला खडक हवेतला वायू धरतो’ असे ठेवले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

राष्ट्रीय विज्ञान दिनामुळे तास झाले नाहीत. वरिष्ठ महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांनी रामन यांच्याविषयी व्याख्यान दिले आणि १९२१ च्या प्रवासात भूमध्य समुद्राच्या निळ्या रंगाने त्यांना विचारात पाडल्याची कथा सांगितली. आमच्या दुधाळ पाण्यातले विखुरणे वेगळ्या प्रकारचे आहे, कारण पिठाचे कण पाण्याच्या रेणूंच्या तुलनेत प्रचंड असतात. फलकावर रामन यांचे नाव घालू नये असे ठरले.

७ मार्च, शुक्रवार

प्रदूषकांचा फलक तयार झाला. विसाव्या शतकाच्या मध्यात वापरलेली डीडीटीसारखी कीटकनाशके आणि कोळशाच्या धुरातून व खाणकामातून सुटलेला पारा हवेबरोबर उत्तरेकडे गेला, हिमाबरोबर हिमनद्यांवर पडला आणि बर्फात साठून राहिला. आता तो बर्फ वितळताना हा साठा सरोवरात उतरतो आहे. यातला बराच पारा पिठाच्या कणांना चिकटलेला असतो आणि तळप्रवाहाबरोबर खोल गाळात पुरला जातो. म्हणजे पाण्याची वाट येथेही महत्त्वाची ठरते, आणि या बाबतीत तिचा काही प्रमाणात फायदाही होत असावा, कारण पुरलेला पारा माशांपर्यंत सहज पोहोचत नाही. तरीही जो मासा माणसांच्या ताटात जातो त्याच्या बाबतीत मी यावर समाधान मानणार नाही.

गाळातल्या सूक्ष्मजीवांवरही काम झाले आहे. ज्या भागात वितळपाण्याचा लोट जास्त येतो, तेथील गाळात सूक्ष्मजीवांची विविधता कमी आढळते. दरवर्षी वरून गाळाचा नवा थर पडत राहिला तर जमलेली वस्ती पुन्हा पुन्हा गाडली जाते, अशी कल्पना मुलांना करता येईल.

१५ मार्च, शनिवार

फलक छापायला देण्यापूर्वीचे शेवटचे वाचन झाले. पहिल्या फलकावर आता असे आहे : ‘हिमनदीचे पाणी सरोवरात खडकाचे पीठ, थोडे अन्न, थोडा प्राणवायू आणि जुनी प्रदूषके घेऊन येते. यांपैकी कोणती गोष्ट कोणाला मिळते हे पाणी वरून जाते की तळाने जाते यावर ठरते.’ सहाव्या फलकात एल्समेअर बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरची दुर्मीळ सरोवरे घेतली आहेत. तेथे समुद्राच्या खाडीचे तोंड जाड बर्फाच्या पट्ट्याने अडलेले असते, आणि आत वितळपाण्याचा गोडा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. एकाच जागी वर गोड्या पाण्यातले आणि खाली समुद्रातले जीव राहतात. डिझरेली खाडीतले असे सरोवर बर्फाचा पट्टा तडकल्याने २००० ते २००२ या काळात वाहून गेले. मिल्ने खाडीवरच्या पट्ट्याचा सुमारे ८० चौरस किलोमीटरचा तुकडा जुलै २०२० मध्ये निखळला. हेझनमध्ये जीवसृष्टी बदलते आहे, तर येथे घरच नाहीसे होते, म्हणून हा फलक लहान असला तरी मी आग्रहाने ठेवला.

२१ मार्च, शुक्रवार

चार शाळांची मुले आली. टाकीचा प्रयोग दिवसभरात अकरा वेळा केला, त्यामुळे दुपारनंतर तळाचा पांढरा थर बोटभर जाड झाला आणि वरचे पाणीही धूसर झाले. तेव्हा आलेल्या सातवीच्या मुलांना तळप्रवाह नीट दिसला नाही. पुढच्या वेळी प्रत्येक दोन प्रयोगांनंतर पाणी बदलावे लागेल. मासा पाहायला मिळेल असे वाटून आलेली काही मुले आधी हिरमुसली, पण ‘चार’ माशाच्या चित्रापाशी त्यांनी बराच वेळ घालवला. एका मुलीने विचारले की हिमनद्या वितळून संपल्या तर सरोवराला पीठही मिळणार नाही, प्राणवायूही मिळणार नाही, मग तेव्हा तळाशी काय होईल? मी तिला सांगितले की पाणी आधी वाढते, मग बर्फ आक्रसल्यावर ते घटू लागते, आणि वितळपाण्यावर बसलेली घडी तेव्हा दुसऱ्यांदा मोडेल. तो प्रश्न तिच्याच शब्दांत वहीत लिहून घेतला आहे. त्याला एक स्वतंत्र फलक हवा.

२४ मार्च, सोमवार

टाकी तीन दिवस न हलवता ठेवली होती. तळाशी साका बसला आहे, पण वरचे पाणी अजून पूर्ण निवळलेले नाही. काळ्या कागदासमोर विजेरी धरली की निळसर धूसरपणा दिसतो. काकांनी टाकी धुवायला घेतली होती, ती मी थांबवली. पाणी किती दिवसांत निवळते याची नोंद रोज सकाळी दहा वाजता घ्यायची, आणि त्यासाठी पांढरी-काळी चकती तयार करून टाकीत सोडायची, हे काम द्वितीय वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांनी स्वीकारले आहे.